पिकांच्या पानांवाटे होणारा ओलीचा खर्च

एके वर्षी भाद्रपदात पावसाने तीन आठवडे ओढ दिली असता रेणापूर शिवारातील एक परिचित शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसले. ते म्हणाले, "भाऊसाहेब, दोन येळा कोळपलं, भेगा बुजवल्या, जमीन वरनं झाकल्यागत केली. तरीबी ओल खाली खालीच चालली. जाती कुठं?" (महसूल खात्यातील आमची कारकुनी कधीच संपली, परंतु गावाने 'भाऊसाहेब' हे संबोधन काही सोडलेले नाही.) दुपारचा एक वाजला होता. समोरच्या रानातील सोयाबीनने माना टाकल्या होत्या. आम्ही तिकडे बोट दाखवून म्हटले, "ती काय, आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे." त्यांस वाटले, आम्ही थट्टा करीत आहोत.

थट्टा मुळीच नव्हती. जमिनीतील ओल दोन वाटांनी हवेत जाते. एक वाट जमिनीच्या पृष्ठभागावरून व भेगांतून; ती सर्वांस ठाऊक आहे आणि 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' ही म्हण तिच्याच बंदोबस्तासाठी आहे. दुसरी वाट पिकाच्या मुळांतून खोडात, खोडातून पानांत आणि पानांतून हवेत अशी आहे. पीक वाढून त्याने जमीन झाकली, म्हणजे पहिल्या वाटेपेक्षा ही दुसरी वाटच मोठी होते. तिला शास्त्रात बाष्पोच्छ्वास म्हणतात. हा खर्च दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही; म्हणून आमच्या हिशेबात तो धरला जात नाही. गाव नमुना बारामध्ये कोणते पीक, किती क्षेत्र, जलसिंचित की अजलसिंचित, हे सर्व लिहिण्याची सोय आहे. तो नमुना आम्ही वर्षानुवर्षे हाताळला. परंतु त्या पिकाने रानातील किती पाणी उडविले हा प्रश्न आमच्या मनात नोकरीत असेतो कधी आला नाही, हे कबूल केले पाहिजे.

ज्यांस या गोष्टीचा विश्वास वाटत नसेल त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. उन्हाच्या दिवशी सकाळी तुरीच्या एका हिरव्या फांदीवर प्लॅस्टिकची स्वच्छ कोरडी पिशवी चढवावी आणि तोंडाशी सुतळीने आवळावी. दुसरी तशीच पिशवी शेजारच्या वाळलेल्या काटकीवर बांधावी. दोन तासांत पहिल्या पिशवीच्या आतल्या बाजूस धुके धरते, दुपारपर्यंत थेंब ओघळू लागतात. काटकीवरील पिशवी मात्र कोरडी राहते. पाहणे झाल्यावर पिशवी लगेच काढावी, नाहीतर आतील पाने उकडून निघतात. आमच्या नातवाने हा प्रयोग केला तेव्हा पिशवीच्या कोपऱ्यात साठलेले पाणी त्याने वाटीत ओतून घरातील सर्वांस दाखविले. हे पाणी एका फांदीचे. रानात अशा फांद्या किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या विषयाचे पहिले मोजमाप तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात झाले. स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. त्यांनी १७२४ च्या उन्हाळ्यात कुंडीत वाढलेले सुमारे साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड घेतले, मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले, आणि सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तोलून पाहण्याचा क्रम कित्येक दिवस चालविला. बारा तासांच्या दिवसात ते एकटे झाड सरासरीने सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक, पाणी हवेत सोडीत होते. कोरड्या उन्हाच्या दिवशी हा आकडा पावणेदोन पौंडांच्याही वर गेला. उबदार कोरड्या रात्री खर्च अगदी थोडा झाला. दव पडलेल्या रात्री तर झाडाचे वजन उलट किंचित वाढले. आकारमानाच्या प्रमाणात पाहता माणसाच्या घामापेक्षा सूर्यफुलाचा हा 'घाम' सतरा पट भरतो, असा हिशेब हेल्स यांनी मांडला व तो १७२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सूर्यफूल आमच्याही भागात पुष्कळांनी पेरून पाहिले आहे. त्यांनी त्या रानाची ओल आठवावी.

आता हे पाणी वर चढते कसे? मुळांच्या टोकांजवळ अतिशय बारीक केस असतात. ते मातीच्या कणांस चिकटलेले पाणी शोषून घेतात. तेथून खोडातील केसांहून बारीक नळ्यांवाटे ते पानापर्यंत जाते. वर ओढणारा पंप पानातच आहे. पानाच्या आतील ओलसर पेशींवरून पाण्याचा कण उडाला की त्याच्या मागचा कण ओढला जातो, त्याच्या मागचा तसाच, आणि ही साखळी खाली मुळापर्यंत तुटत नाही. कारण बारीक नळीत पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असतात. डिक्सन व जोली या दोघा शास्त्रज्ञांनी हे मत डब्लिन येथून १८९४ साली मांडले आणि पुढील संशोधनात तेच टिकले. आपले जगदीशचंद्र बोस यांचे मत निराळे होते. खोडातील जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस वर ढकलला जातो, असे ते म्हणत. ते मत मागे पडले. तथापि वनस्पती हे निर्जीव लाकूड नव्हे, तिच्यात क्षणोक्षणी हालचाल चालू असते, हे लोकांच्या मनावर बिंबविण्याचे त्यांचे श्रेय कमी होत नाही.

पानाच्या त्वचेवर असंख्य छिद्रे असतात. त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. बहुतेक पिकांत ती पानाच्या खालच्या बाजूस अधिक असतात, ज्वारीसारख्या पिकांत दोन्ही बाजूंस. एका चौरस मिलिमीटरात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत, ती शंभरापासून तीनशेपर्यंत सहज भरतात. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंस दोन वाकड्या पेशी ओठांप्रमाणे बसलेल्या असतात. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडते, सैल पडल्या की मिटते. उजेडात ती सामान्यतः उघडी व अंधारात मिटलेली असतात. जमीन सुकू लागली की मुळे एक प्रकारचे आम्ल तयार करून वर पाठवितात आणि ते पोहोचताच पाने आपली तोंडे आवरू लागतात. म्हणजे टंचाईचा अहवाल पानास मुळाकडून जातो; आणि तो आमच्या जुन्या दप्तरापेक्षा पुष्कळ लवकर पोहोचतो.

येथे कोणी विचारील की, झाड ही छिद्रे कायमचीच का मिटून घेत नाही? याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचा सर्व विचार त्यावर उभा आहे. पीक आपले अन्न हवेतील कार्बन वायूपासून करते आणि तो वायू आत येण्याची वाट याच छिद्रांतून आहे. तोंड उघडल्याशिवाय घास जात नाही, आणि तोंड उघडले की आतली ओल बाहेर जाते. मुळांनी घेतलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी एक-दोन भागच झाडाच्या अंगी राहतात. बाकी सर्व या व्यवहारात जातात. शिवाय पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे पान थंड राहते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. लिंबाच्या सावलीत पत्र्याच्या सावलीपेक्षा गार वाटते, त्यातही या कारणाचा वाटा आहे. तेव्हा पाने बंद केली तर पीक उपाशी राहील आणि वर उन्हाने तापेल. काही वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याने 'पाने पाणी सोडणारच नाहीत' असे सांगून एक औषध आमच्या गळ्यात मारले. वांग्यावर फवारले, पाने हिरवी राहिली, परंतु झाडे महिनाभर जागची हलली नाहीत. हा विषय तेव्हा ठाऊक असता तर ते पैसे वाचले असते. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीची निवळ फळबागेवर फवारतात, तिची गोष्ट निराळी. ती ऊन परतवून पान कमी तापू देते. दुष्काळात बाग जगविण्यापुरता तो उपाय आहे, उत्पन्न वाढविण्याचा नव्हे.

आमच्या भागातील झाडांनी या अडचणीतून आपापल्या परीने वाट काढली आहे. ज्वारीच्या ताटावरून हात फिरविला तर पांढरी भुकटी लागते. ते मेण होय. ऊन कडक झाले की तिचे पान पुंगळीसारखे वळते व उन्हास अंग कमी देते. तूर आपली पाने उन्हास आडवी न धरता कडेने धरते. सोयाबीन ताणात आले की पाने उलटी फिरवून खालची फिकट बाजू वर करते. रान दुरून पांढुरके दिसू लागले म्हणजे हेच समजावे. बाभळीने पान इतके बारीक केले आहे की ते तापतच नाही. पळस तर उन्हाळ्याच्या तोंडी सर्व पाने टाकून मोकळा होतो. निवडुंगाची तऱ्हा सर्वांहून वेगळी: तो दिवसा छिद्रे मिटून घेतो व गार रात्री उघडून कार्बन वायू साठवितो. कासवाच्या गतीने वाढतो, पण वाढतो.

पहाटे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या कोवळ्या रोपांच्या शेंड्यावर एकेक टपोरा थेंब दिसतो. त्यास सारे दव म्हणतात. दव पानभर बारीक पसरलेले असते. नेमका टोकावरचा थेंब बहुधा मुळांनी रात्री वर ढकललेला असतो. असे थेंब दिसले तर जमिनीत ओल भरपूर आहे, असे खुशाल समजावे.

मान टाकणे हेही दोन प्रकारचे असते आणि त्यातील फरक न ओळखल्याने पाणी वाया जाते. भर दुपारी पानांतून जाणारे पाणी मुळांच्या पुरवठ्याहून अधिक झाले, म्हणजे जमिनीत ओल असूनही पीक सुकल्यासारखे दिसते. दिवस कलला की ते पुन्हा ताठ होते. अशा दुपारी घाबरून मोटार सुरू करण्याचे कारण नाही. पिकाकडे सूर्योदयापूर्वी जाऊन पाहावे. रात्रभर खर्च बंद असतानाही जे पीक सकाळी ताठ झाले नाही, त्याच्या मुळांशी खरोखरच शिल्लक उरलेली नाही.

शिल्लक हा शब्द आला, तेव्हा आता जमाखर्चच मांडू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. चांगली काळी जमीन एक मीटर खोलीत पिकास घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. म्हणजे एकरी ६ ते ८ लाख लिटर. रब्बी ज्वारीच्या हाती पेरणीच्या दिवशी ही जमा असते. पुढे पाऊस आला तर आला. आता खर्च पाहा. अमेरिकेतील कोलोराडो प्रांतात ब्रिग्ज व शांट्झ या दोघांनी १९११ च्या सुमारास कुंड्यांतील पिके रोज तोलून असे काढले की, दाणे व काड मिळून एक किलो कोरडा माल तयार करण्यास ज्वारी सुमारे ३०० किलो पाणी पानांवाटे सोडते, गहू सुमारे ५००, आणि लसूणघास ८०० हून अधिक. आपल्याकडेही बिहारातील पुसा येथे लेदर या रसायनशास्त्रज्ञांनी १९१० च्या सुमारास अशाच तऱ्हेचे प्रयोग केले होते. हवा जितकी कोरडी तितका हा आकडा चढतो. तरी ज्वारीचे ३०० च धरू. एकरी दाणे व कडबा मिळून वीस क्विंटल माल झाला तर ६ लाख लिटर पाणी पानांतूनच गेले! जमेची बाजू ६ ते ८ लाख आणि नुसत्या पानांचा खर्च ६ लाख. जमिनीवरून उडणारे पाणी व तणाने प्यालेले पाणी यांसाठी या खात्यात काय उरते, हे सांगावयास नको.

६ लाख लिटर म्हणजे किती, हे लातूर जिल्ह्यातील माणसास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडून २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलास पहिली गाडी पोहोचली. तिच्या दहा डब्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ती पाहण्यास लोक स्थानकावर जमले होते. एक एकर ज्वारी एका हंगामात पानांवाटे जितके पाणी निमूटपणे हवेत सोडते, त्याहून ते कमी होते. आणि उसाचे काय? आमच्या भागात वर्षाच्या उसास पाऊस धरून सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. तशा सोळा गाड्या. यांपैकी सर्व पानांतून जात नाही; पाटाने दिलेले पुष्कळ पाणी पाझरते व जमिनीवरूनही उडते. ठिबकने वाचते ते हे पाणी. पानांचा खर्च ठिबकनेही वाचत नाही, कारण ऊस तितका वाढवावयाचा तर पाने तितकी उघडी ठेवलीच पाहिजेत. ज्याच्या विहिरीस खात्रीचे पाणी आहे त्याने ऊस लावू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु कूपनलिकेच्या भरवशावर ऊस लावणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा.

ज्या वर्षानंतर ती गाडी आली, त्याच २०१५ च्या रब्बीत आमचीही फजिती झाली. थोड्या ओलीवर ज्वारी पेरली होती. कडब्याचा भाव चढणार, हे सर्वांस दिसत होते. आमच्या गड्याने विरळणी करू का, म्हणून विचारले. आम्ही नको म्हटले. दाट असेल तितका कडबा अधिक, हा आमचा हिशेब. रानाच्या एका कडेस मात्र पेरतेवेळी तिफणीचा मधला नळा चिखलाने बुजला होता, त्यामुळे तेथे तिसरा हिस्सा ओळी उगवल्याच नाहीत. त्याबद्दल आम्ही त्या गड्यास चारचौघांत बोललो होतो. पौष उजाडेपर्यंत दाट पट्टा पाहून येणारा-जाणारा वाहवा करी. पुढे पोटरीतून कणीस बाहेर पडण्याच्या सुमारास तो पट्टा खालून पिवळा पडू लागला. कित्येक ताटे निसवलीच नाहीत. निसवली त्यांत दाणा भरला नाही. उण्या ओळींच्या कडेने मात्र हुरडा झाला आणि दाणेही झाले. शिवाराची पैसेवारी त्या साली पन्नास पैशांच्या खालीच गेली, तेव्हा लोकांस दाखविण्यापुरती आमची अब्रू झाकली गेली. पण एकाच रानात, एकाच ओलीवर दोन निकाल कसे, हा प्रश्न आम्हांस झोपू देईना. दाट पट्ट्याने तीच शिल्लक फुलोऱ्यापूर्वीच पानांवाटे खर्चून टाकली होती. उण्या पट्ट्यातील ताटांच्या वाट्यास जास्त माती, म्हणून जास्त पाणी आले, आणि ते दाणा भरण्याच्या वेळेपर्यंत पुरले. गड्याची आम्ही नंतर क्षमा मागितली; तो हसला, इतकेच.

ही गोष्ट नवी नव्हे. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ पासून व सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे जे प्रयोग झाले, त्यांतून बांधबंदिस्ती, खोल मशागत, वारंवार कोळपणी यांबरोबरच बियाणे कमी व अंतर अधिक ठेवण्याची पद्धत निघाली. निजामी राज्यातील रायचूर येथेही तसे केंद्र निघाले होते. सध्या रब्बी ज्वारीस दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर सांगतात. विरळणी पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांच्या आत उरकावी. उशिरा उपटलेले रोप आपल्या वाट्याचे पाणी पिऊनच जाते. जमिनीची खोली हातभर असेल तर अंतर याहूनही वाढविण्यास भिऊ नये, असे आमचे मत आहे.

तणाचाही विचार याच दृष्टीने करावा. तण खत खाते म्हणून आपण त्यावर रागावतो. परंतु कोरडवाहू रानात ते पाणी पिते हा मोठा गुन्हा आहे. त्याची पानेही पिकाच्या पानांप्रमाणेच दिवसभर उघडी असतात. कुंदा व हराळी यांच्या मुळ्या खोल जातात, तेव्हा वरचा शेंडा खुरपून त्यांचे पिणे आठ दिवसच थांबते. बांधावरील बाभळीखाली पीक येत नाही म्हणून लोक सावलीस दोष देतात. आमच्या पाहण्यात दोष सावलीहून मुळांचा अधिक आहे. बांधाच्या कडेने हात-दीड हात खोल चर घेतल्यास त्या मुळ्या तुटतात आणि दोन-तीन वर्षे तरी फरक दिसतो. झाड मात्र तोडू नये. फाल्गुन-चैत्रात कोरडा वारा सुटला की पानांभोवतीची दमट हवा उडून जाते आणि खर्च दुणावतो. उन्हाळी भाजीच्या पश्चिमेस शेवरीची दाट ओळ असली, तर तेवढ्यानेही वाफे लवकर सुकत नाहीत.

मिरची-वांग्याची रोपे लावताना केसाळ मुळ्या तुटतात, पण पाने मात्र तितकीच राहतात. म्हणजे जमा बंद आणि खर्च चालू. यास्तव लागवड दिवस कलल्यावर करावी. रोप फार वाढलेले असेल तर खालची दोन-चार पाने खुडून टाकावी, आणि पहिले दोन-तीन दिवस दुपारी वर पळसाच्या पानांची किंवा तुरीच्या काड्यांची आडोशी धरावी. नवी मुळी सुटली की काढून घ्यावी.

ज्यांच्याजवळ एक-दोन पाण्यांपुरतीच विहीर आहे, त्यांनी ते पाणी रब्बी ज्वारीस पोटरीच्या वेळी आणि तुरीस फुले लागताना द्यावे. त्याआधी पीक दुपारी सुकलेले दिसले तरी सकाळी ताठ असेल, तर विहिरीतच राहू द्यावे. आमच्या ओट्यावर आलेल्या त्या शेतकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे सोयाबीन पाहिले आणि परत येऊन सांगितले, "भाऊसाहेब, उभं हाय." त्यांनी आणखी चार दिवस धीर धरला. पाचव्या दिवशी पहाटेही माना खालीच दिसल्या, तेव्हा तुषार संच लावून शेंगा भरतीस आलेल्या पट्ट्यास तेवढे पाणी दिले.